तीर्थ उकळावे का?

गाणगापूरला जाऊन आलेल्या माणसाच्या पिशवीत तीन गोष्टी हमखास सापडतात. प्रसादाची पुडी, भस्म आणि संगमाच्या पाण्याची बाटली. ती बाटली देव्हाऱ्यात ठेवली जाते, सणावाराला पळीपळीने घरातल्यांना दिली जाते, शेजारीपाजारी पाठवली जाते. आमच्या खडकवासल्याकडेही हेच चालतं. पण त्या बाटलीतलं पाणी मुळात कुठून आलं, हे फारसं कुणी विचारत नाही. तीर्थ म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात.

नकाशा उघडून बघा. गाणगापूरला संगम आहे तो भीमा आणि अमरजा ह्या नद्यांचा. भीमा येते वरून, पंढरपूरहून, तिथे तिला आपण चंद्रभागा म्हणतो. पंढरपूरच्या वर उजनीचं धरण. उजनीच्या वर, दौंडच्या अलीकडे रांजणगाव सांडसला, भीमेला मुळा-मुठा येऊन मिळते. मुळा-मुठेतली मुठा म्हणजे आपली मुठा, खडकवासला धरणाच्या भिंतीखालून निघून विठ्ठलवाडी, डेक्कन, ओंकारेश्वर असं करत पुण्याच्या संगमावर जाणारी. म्हणजे आपण एसटीने किंवा गाडीने रात्रभर प्रवास करून ज्या पाण्यात उतरतो, त्यातलं थोडं पाणी आपल्याच दारावरून आपल्या आधी तिथे पोचलेलं असतं. सगळं नाही, हे खरं. भामा, इंद्रायणी, घोड, नीरा ह्या नद्याही भीमेत आहेत आणि उजनीत पाणी साठून राहतं. पण आपलाही वाटा त्यात आहे, आणि तो कसल्या पाण्याचा आहे हे विठ्ठलवाडीच्या पुलाशी उभं राहिलं तर नाकालाच कळतं.

हे पुराण सांगायचं कारण वेगळं आहे. २०२५ च्या जानेवारीत आमच्या ह्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, सिंहगड रस्ता ह्या भागात, जीबीएस नावाच्या आजाराने जे थैमान घातलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. आजाराचं पूर्ण नाव गियाँ-बारे सिंड्रोम. १९१६ साली फ्रान्समधल्या गियाँ, बारे आणि स्ट्रोल ह्या तीन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. (आमच्या धरणाशेजारच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेचा जन्मही १९१६ सालचाच. कारकुनाला तारखा जुळल्या की उगाचच बरं वाटतं.) हा आजार एरवी लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. इथे महिना-दीड महिन्यात पुणे आणि परिसरात मिळून दोनशेच्या आसपास संशयित रुग्ण झाले, कित्येक व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले.

आजाराची रीत विचित्र आहे. आधी पोट बिघडतं, जुलाब होतात, माणूस म्हणतो बाहेरचं काही खाल्लं असेल. ते बरं होतं. मग आठ-दहा दिवसांनी पायाला मुंग्या येतात, जिना चढवत नाही, मग हात, आणि एखाद्याच्या श्वासाच्या स्नायूंपर्यंत गोष्ट जाते. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरसही. ह्या जिवाणूचं बाहेरचं कवच आपल्या मज्जातंतूंच्या वेष्टणाशी काहीसं मिळतंजुळतं असतं. शरीर जिवाणूशी लढायला सैन्य उभं करतं आणि ते सैन्य ओळख चुकून आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतं. हा जिवाणू कोंबड्या-गुरांच्या आतड्यात राहतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो. म्हणून त्या दिवसांत विहिरी तपासल्या, टँकर तपासले, बोअर तपासल्या, कोंबड्यांच्या शेडही तपासल्या.

आता ह्यातली बोचणारी बाब बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात आणि पुणे शहर त्यावर जगतं. शहराला जाणारं पाणी पर्वती, वडगाव, वारजे अशा केंद्रांत गाळून, शुद्ध करून जातं. आणि धरणाच्या भिंतीखालची आमची गावं? ती २०२१ साली महापालिकेत आली. नांदेड गावच्या विहिरीचं पाणी आसपासच्या वस्त्यांना नळाने मिळत होतं, त्यात क्लोरीन टाकलं जात होतं, पण गाळून शुद्ध करणारं केंद्र त्या पाण्यासाठी नव्हतं. धरण उशाला नि कोरड घशाला हे ऐकलं होतं. इथे कोरड नव्हती, पाणी होतं. तेच नडलं.

आमच्या गुरुवारच्या भजनात जे तबला वाजवतात, त्यांना त्या जानेवारीत हा आजार झाला. बेताची परिस्थिती, त्यात एकेक इंजेक्शन हजारोंचं. देवाच्या दयेने वाचले. पण बोटं पूर्ववत झाली नाहीत. भजनी ठेका धरतात, लय वाढली की हात थांबतो आणि मग ते टाळ घेऊन बसतात. एका गुरुवारी आरतीनंतर गाणगापूरचं तीर्थ आलं. त्यांनी हात पुढे केला, पळीभर पाणी तळहातावर घेतलं आणि तसेच थांबले. डॉक्टरांनी बजावलं होतं, उकळलेलंच पाणी प्यायचं. शेवटी त्यांनी तीर्थ डोळ्यांना लावलं आणि सोडून दिलं.

मग चर्चा सुरू झाली. एक ताई म्हणाल्या, तीर्थाला कसला आलाय दोष, भाव शुद्ध पाहिजे. दुसरे म्हणाले, अहो उकळा की मग. त्यावर तिसऱ्यांचं म्हणणं, उकळलं की ते तीर्थ राहिलंच कुठं, ते साधं पाणी झालं. आमच्यातले वडीलधारे काका बराच वेळ ऐकत होते. त्यांचं भागवताच्या अकराव्या स्कंधाचं वाचन झालेलं आहे. ते म्हणाले, "चोवीस गुरूंत पाणी आहे, तसा अग्नीही आहे की. एका गुरूला घटकाभर दुसऱ्याच्या हवाली केलं तर बिघडलं कुठं?" हे सगळ्यांना पटलं. तेव्हापासून आमच्याकडे तीर्थ आधी पातेल्यात उकळून, गार करून मग पंचपात्रात येतं.

मलाही ते पटलं. पण पुरेसं वाटलं नाही. उकळून आमचा प्रश्न मिटला. पाण्याचा मिटला नाही.

माझी उभी नोकरी बँकेत गेली, त्यातली निम्मी खतावणी जुळवण्यात. तिथला एक साधा नियम असा, की एका खात्यातली शिल्लक दुसऱ्याच्या उचलीला परस्पर लावता येत नाही. माझ्या मते पावित्र्य आणि स्वच्छता ही अशी दोन खाती आहेत. संगमाचं पाणी पवित्र आहे, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. श्रीनृसिंहसरस्वतींचा वास जिथे झाला ते पाणी पवित्र असणारच. पण पावित्र्याच्या खात्यावर कितीही शिल्लक असली, तरी ती स्वच्छतेच्या खात्यावरचा खड्डा भरून काढत नाही. जिवाणूला भाव कळत नाही. उलट बाजूनेही तेच. बाटलीबंद पाणी कितीही स्वच्छ असो, त्याला कुणी हात जोडत नाही. आपली गल्लत अशी होते, की पवित्र आहे म्हणून आपण नदीत निर्माल्य, दिवे, जुनी वस्त्रं सोडतो, आणि पवित्र आहे म्हणूनच ती ते सगळं पचवील असं धरून चालतो. ज्या खात्यात भर टाकायची त्याच खात्यातून उचल करतो.

आणि उचल करतो ती कुणाच्या जामिनावर? हा खरा प्रश्न आहे. बँकेत कर्ज देताना जामीनदाराची सही घेतात. कर्जदार थकला की नोटीस जामीनदाराच्या घरी जाते. ती नोटीस हातात घेऊन आलेले चेहरे मी काउंटरवर खूप पाहिले. बिचाऱ्याने मित्राखातर सही केलेली असते, पैसा एकही वापरलेला नसतो. पण निदान सही तरी त्याची असते. नदीच्या व्यवहारात खालच्या अंगाचा माणूस सही न करताच जामीनदार होतो. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. पंढरपूरला आषाढीला लाखो वारकरी त्या पात्रात उतरतात. गाणगापूरच्या घाटावर रोज माणसं आचमन करतात. ह्यांतल्या कुणीही पुण्याच्या सांडपाण्याला जामीन राहतो असं लिहून दिलेलं नाही. नोटीस मात्र त्यांच्या घरी जाते, जुलाबाच्या, काविळीच्या, टायफॉइडच्या रूपाने. आणि वरच्या अंगाचा माणूस, म्हणजे मी आणि तुम्ही, त्यांना कधी भेटत नाही. ज्याला कधी भेटणार नाही त्याचं आपण काही देणं लागतो का? माझं उत्तर लागतो असं आहे. किंबहुना ज्याच्याकडून उसनं घेतलं तो समोर येऊन मागू शकत नसेल, तर ते देणं आधी फेडायचं असतं. श्राद्ध-तर्पणात आपण दुसरं काय करतो? जे मागायला येऊ शकत नाहीत त्यांचंच देणं फेडतो ना. मेलेल्यांसाठी पाणी सोडणाऱ्याला जिवंत माणसांच्या पाण्याचा विचार जड जाऊ नये.

कृष्णाकाठीही हाच हिशेब. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पावसाळ्यात पूर चढला की पाणी मंदिरात शिरतं, महाराजांच्या पादुकांवरून दक्षिण दरवाजाने बाहेर पडतं आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करायला माणसं धाव घेतात. ती पंचगंगा येते कोल्हापूर-इचलकरंजीवरून. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली, हे अनेकांना आठवत असेल. वाडी तिथून किती लांब? जेमतेम तासाभराची वाट. आपली दत्तस्थानं बहुतेक सगळी नदीकाठी, संगमावर आहेत. औदुंबर कृष्णेकाठी, वाडी संगमावर, गाणगापूर संगमावर, कुरवपूर तर कृष्णेच्या बेटावरच. त्यामुळे नदीचा प्रश्न दत्तभक्ताला परका म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

कुणी म्हणेल, हे सरकारचं काम. आहेच. मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून मोठा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला, अकरा ठिकाणी सांडपाण्याची केंद्रं ठरली, आणि कामं वर्षानुवर्षं लांबली. त्याबद्दल विचारत राहिलंच पाहिजे. पण केंद्र झालं म्हणजे भागलं असंही नाही. कुणी म्हणेल, आम्ही घरी आरओ बसवलाय. बसवा. मात्र ज्याच्या घरी दोन वेळच्या गॅसची चिंता आहे त्याने काय करायचं? आरओ हा माझ्या घरचा बंदोबस्त झाला, गावच्या आरोग्याशी त्याचा संबंध नाही. साथ आली की ती उंबरठा बघून येत नाही. माझ्या घरी भाजी आणून देणारा, दूध टाकणारा, सोसायटीचा वॉचमन, सगळे त्याच विहिरीचं पाणी पिणारे.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर फिरून मेलेल्यांची टिपणं केली, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती मृत्यू जमलेले दाखवले. पंपाचा दांडा काढून टाकला गेला. त्या काळी कॉलऱ्याचा जिवाणू फारसा कुणाला ठाऊक नव्हता. तरी हिशेब नीट मांडल्यावर आकडा बोलला. नांदेडच्या विहिरीभोवती खुणा करणाऱ्यांनी पावणेदोनशे वर्षांनी तेच केलं. आपण तिथल्या तिथेच आहोत का, असं वाटून जातं.

दुसरं उदाहरण जास्त कामाचं आहे. न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल वगैरे डोंगराळ भागातल्या तलावांतून येतं. गेल्या शतकाच्या शेवटी प्रश्न आला, की गाळणीचं प्रचंड केंद्र बांधायचं का. खर्चाचा अंदाज अब्जावधी डॉलरचा. शहराने १९९७ साली डोंगरातल्या गावांशी करार केला. तलावांच्या वरच्या जमिनी विकत घेऊन झाडीखाली ठेवायच्या, तिथल्या शेतकऱ्यांना गुरांचं शेण-मूत ओढ्यात जाणार नाही अशा सोयींसाठी पैसे द्यायचे, घरांच्या सेप्टिक टाक्या दुरुस्त करून द्यायच्या. केंद्रापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं, आणि ते पाणी अजूनही त्या महाकाय गाळणीशिवाय शहराला जातं. ह्यात भाबडेपणा काही नाही, शुद्ध व्यापारी हिशेब आहे. मी कॉमर्सचा पदवीधर, म्हणून मला तो विशेष आवडला. डोंगरावरचं गवत, झाडांची मुळं, पालापाचोळा पावसाचा मारा झेलतात, पाणी अडवतात, मुरवतात, आणि ते झिरपत खाली येईतो बरीचशी घाण वरच राहते. डोंगर उघडा केला की पहिल्याच पावसात माती, शेण, उकिरडा, सगळं एकदम ओढ्याने तलावात. मग गढूळ पाण्यात क्लोरीनही नीट लागू पडत नाही, कारण जिवाणू गाळाच्या आडोशाला बसतात.

आता आपल्याकडे बघा. खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुणं बुडालं. पाण्याचा तो कोप आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. पण हल्ली धरणाच्या वर जे चाललंय ते लोंढ्यासारखं एका दिवसात येत नाही, म्हणून बातमी होत नाही. डोंगर फोडून प्लॉट पडतात. फार्महाऊस, हॉटेलं, रिसॉर्ट उभी राहतात, त्यांचं सांडपाणी उताराने जिथे जायचं तिथे जातं. रविवारी चौपाटीवर गाड्यांची रांग, भजी, कणसं, आणि सोमवारी सकाळी काठावर त्याचा सडा. लोक गाड्या धुतात, त्याही धरणाच्या पाण्यात.

इथे मला थोडं अडखळायला होतं. कणसं भाजणारी बाई काही मौजेसाठी तिथे बसत नाही. ज्याच्या वडिलांची जमीन धरणात गेली तो उरलेल्या तुकड्यावर कोंबड्यांची शेड घालतो, त्याला मी कोणत्या तोंडाने म्हणू की माझ्या पाण्यासाठी तू शेड बंद कर? त्याच्या घराण्याने पुण्यासाठी एकदा त्याग केलेला आहे. पुन्हा त्यालाच त्याग सांगणं अन्यायाचं होईल. न्यूयॉर्कने डोंगरातल्या शेतकऱ्याला नुसता उपदेश केला नाही, पैसे दिले. आपल्याकडे शहराच्या पाणीपट्टीतला काही भाग पाणलोटातल्या गावांच्या गटारांसाठी, शेडच्या खताच्या खड्ड्यांसाठी, उघड्या डोंगरावरच्या झाडीसाठी राखून ठेवला, तर तो उपकार होणार नाही. ते भाडं आहे, बऱ्याच वर्षांचं थकलेलं.

गुरुचरित्रातल्या आचारधर्माच्या निरूपणात शौचाला कुठे बसावं, कुठे बसू नये इतकं बारीक सांगितलेलं आहे, आणि पाण्याची जागा तिथे वर्ज्य आहे. पारायणाला बसलेला माणूस हा भाग भराभर वाचून पुढे जातो, मीही ऐकलंय. लाज वाटते म्हणा, जुनाट वाटतं म्हणा. पण महाराजांना शिष्याशी हे बोलायला संकोच वाटला नाही. वेदान्ताच्या ग्रंथात गटाराचा विषय बसतो, हे त्यांनीच दाखवलं. ज्या काळात जिवाणूचं नाव नव्हतं त्या काळात हा नियम सोवळ्याच्या भाषेत सांगितला. भाषा बदलली, नियमाचं काम तेच आहे.

यंदाच्या दत्तजयंतीला आमच्या मंडळींनी काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या इथे देतो. पटल्यास घ्याव्यात. अभिषेकाचं दूध-दही नदीत किंवा धरणात न सोडता औदुंबराच्या आळ्यात जिरवायचं, तेही बेताने, कारण झाडालाही आंबट सोसत नाही. निर्माल्याला खड्डा. महाप्रसादाला पत्रावळी, द्रोण, स्टीलचे पेले, थर्माकोल नाही. भांडी घासायला काठावर न जाता नळावर. पौर्णिमेला जी बस गाणगापूरला जाते आहे तिच्यातल्यांनी संगमावर साबण लावू नये आणि वस्त्र सोडू नये. तिथे वस्त्र सोडायचीच चाल ज्यांच्या घरात आहे त्यांनी ते धुऊन एखाद्या गरजूला द्यावं, काकांचं म्हणणं त्याने विधी मोडत नाही. आणि पुण्यातून निघण्याआधी, ज्यांच्या सोसायटीचं सांडपाणी कुठे जातं हे त्यांना माहीत नाही, त्यांनी सेक्रेटरीला एकदा विचारून घ्यावं. आमच्या शेजारच्या दोन सोसायट्यांत विचारलं, तर एकीत यंत्र बसवलेलं आहे पण वीजबिलाच्या भीतीने बंद असतं. ते चालू करायचा ठराव ह्या महिन्याच्या मीटिंगमध्ये यायचा आहे. माणशी महिना किती पडेल ते मी काढून दिलंय, दोन वडापावच्या आत बसतं.